बिनभिंतीचा जंतू

रोजच्या बुद्धवंदनेला बसल्यावर पद्माबाईंचा आवाज चौथ्या शीलापाशी अडला. खोटं न बोलण्याचं ते शील. ताप अंगात असतानाही त्यांनी कधी ते चुकवलं नव्हतं. आज त्या तिथंच थांबल्या.

डोंगरकडा गावात त्यांच्या शेजारी नजमुन्निसाचं घर. बहात्तरच्या दुष्काळातून वाचलेल्या दोन शेळ्यांपासून तिनं गोठा भरवला होता. यंदा शेळ्या खोकू लागल्या, तेव्हा पद्माबाईंचा जळबा सुट्टीवर आलेला. परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्यानं ऐटीत पेनिसिलीन टोचलं. आईनं आडावर बायकांना सांगितलं, "माझ्या पोराच्या हाताला गुण हाय."

शेळ्या पटापट गेल्या. मग त्याच आडावर, कुणी विचारायच्या आत, पद्माबाई बोलून बसल्या, "सुई दिल्याबरोबर पाणी पाजलं नजमानं. पोरगं काय करंल?"

नजमुन्निसाला पाणी पाजताना त्यांनी पाहिलंच नव्हतं. पण बोलणं तिच्या नवऱ्यापर्यंत, महेबूबपर्यंत पोचलं आणि त्यानं बायकोला गल्लीभर ऐकू जाईल असं झापलं.

काल जळबानं मेलेली शेळी फाडून पाहिली. आज पहाटेपासून तो ओट्यावर मान खाली घालून बसला होता. वंदना अर्धवट टाकून पद्माबाई बाहेर आल्या.

"काहून जेवला न्हाईस?"

"माय, पाण्याचा काही संबंध न्हाई. माझी सुईच चुकली. पेनिसिलीन जंतूला अंगाभोवतीची भिंत बांधू देत न्हाई, म्हणून जंतू मरतो. ह्या जंतूला भिंतच नसती."

"भिंतीबिगर जीव जगतो कसा?"

"त्याच्यावरच तर मोठ्यामोठ्यांचा वाद हाय. काही म्हणतात, हे सगळ्यात जुने, भिंत निघायच्या आधीचे. काही म्हणतात, ह्यांच्या वाडवडलांना भिंत होती. दुसऱ्याच्या अंगात ऊब अन् आयतं खाणं भेटलं, मग भिंत पिढ्यापिढ्यांनी गळून गेली. मला हेच पटतं. वर्गात ह्याच्यावर बोलून टाळ्या घेतल्या मी, माय. अन् सुई भरताना एकदा बी आठवलं न्हाई."

आयतं खाणं हे शब्द पद्माबाईंना झोंबले. त्यांना दूध उतरलं नव्हतं तेव्हा हा जळबा नजमुन्निसाच्या शेळीच्या दुधावर वाढला होता.

"काळी शेळी उरलीय," जळबा म्हणाला. "टेट्रासायक्लिन आणलंय. ते भिंतीच्या भरवशावर न्हाई, दुसऱ्याच जागी मारतं. पण नजमाचाचीनं कालपासून काळीला पाण्याचा थेंब दाखवला न्हाई. पाण्यानंच मरतात म्हणती. तोंड कसं दाखवू मी?"

पद्माबाईंनी पदर सारखा केला, बादली भरली आणि तशाच शेजारी गेल्या. काळी जीभ काढून धापा टाकत होती. बादली पाहताच नजमुन्निसानं त्यांचा हात धरला.

"नको, पद्माबाई! मरंल ती."

"न्हाई मरत. मी खोटं बोलले, नजमा. तू पाणी पाजताना मी पाहिलं बी नव्हतं. सुई माझ्या पोराची चुकली."

नजमुन्निसाचा हात सुटला. काळीनं तोंड बादलीत खुपसलं, आणि दोघी तिचं पिणं ऐकत राहिल्या. जळबा पाठोपाठ आला. मान वर न करताच त्यानं सुई भरली. नजमुन्निसानं शेळीची मान धरून दिली, त्याच्याकडं मात्र पाहिलं नाही.

"जळबा लेकरू हाय," ती शेवटी म्हणाली. "पन तुमी रोज देवासारखं बोलणाऱ्या. म्हनून तर सगळ्यांना खरं वाटलं. मला इथं गोठ्यात काहून सांगता? आडावर बोलल्या, आडावर सांगा."

दुसऱ्या दिवशी पद्माबाईंनी वंदनेची मेणबत्ती लावली नाही. शेजारून काळीचा खोकला ऐकू येत होता. घागर घेऊन त्या आडावर गेल्या.

"आज वंदनेआधीच पाणी?" भागूबाई हसली. "का पोरानं आडालाबी सुई द्यायची ठरवली?"

बायका खळखळून हसल्या. पद्माबाईंनी घागर खाली ठेवली. तोंड पदरात लपवावंसं वाटत होतं. पदर त्यांनी घट्ट मुठीत धरला.

"घागरी जरा थांबवा, बायांनो," त्या म्हणाल्या. "परवा इथं मी नजमाबद्दल बोलले, ते खोटं होतं."