नोरीन आणि मलाकीचा अबोला

गेटवर ‘तळ्याकाठी निवांत मुक्काम, सकाळची न्याहारी’ अशी पाटी होती. फिडेल्मा डब्लिनच्या शाळेत वर्षभर पोरांवर ओरडून दमली होती. चार दिवस कुणाशी बोलायचं नाही, असं ठरवून ती लीट्रिम परगण्यातल्या या शेतघरी आली. गादी दमट निघाली, नळाला गरम पाणी नव्हतं. तेही तिने चालवून घेतलं असतं. पण घरमालक मलाकी आणि त्याची बायको नोरीन यांचा अबोला होता, आणि दोघांनाही निरोप्या हवा होता.

“पोरी, यांना म्हणावं, बंब पुन्हा बंद पडलाय,” नोरीन चुलीपाशी उभी राहून म्हणाली. मलाकी हातभर अंतरावर बसला होता.

“तिला म्हणावं, मी बहिरा नाही.”

“मग दुरुस्त का करत नाहीत, विचार त्यांना.”

नोरीनच्या सख्ख्या बहिणीला मूठमाती दिली, त्या दिवशी मलाकी गुरांच्या बाजारात होता. तेव्हापासून हे असं चाललंय, हे नोरीननेच बशा पुसता पुसता सांगितलं.

दुसऱ्या सकाळी मलाकीने फिडेल्माला जिन्यात गाठलं.

“होडीने तळ्यातल्या बेटावर जातोय, मेंढ्या बघून येतो. तिला सांगून ठेव. वारा चढला आणि मी आलो नाही, तर शेजारच्या ओवेनला बोट घेऊन पाठव म्हणावं.”

“तुम्हीच सांगा ना!”

पण तो तोवर बाहेर पडला होता. फिडेल्माचं डोकं फिरलं. आता एकही निरोप पोचवायचा नाही, आजच निघायचं, असं म्हणत ती बॅग भरायला लागली.

ती बॅग घेऊन खाली आली तेव्हा खिडकीची तावदानं थडथडत होती. तळ्यावर पांढऱ्या लाटा उठल्या होत्या. नोरीनने करपलेले सॉसेज पुढ्यात ठेवले.

“हे गोठ्यात रुसून बसले असतील. बसू देत!”

फिडेल्माने बशी बाजूला सारली. येतीलच आता, कशाला उगाच बोलणी खायची? तिने दाराकडे पाहिलं. पुन्हा खिडकीकडे पाहिलं. चहा निवून गेला. वारा आणखी चढला, तसा तिचा धीर सुटला.

“ते बेटावर गेलेत. मला सांगून गेले होते. मी... मी तुम्हाला सांगितलं नाही.”

नोरीनचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ओवेनला फोन लावला आणि ॲप्रनवरच धक्क्याकडे धावली. फिडेल्मा तिच्या मागे. मलाकीची होडी लव्हाळ्यात पालथी अडकलेली दिसली. नोरीनने छातीवर क्रूसाची खूण केली.

ओवेनची मोटारबोट लाटांवर आपटत बेटाआड गेली, ती लवकर दिसेचना. दिसली तेव्हा तिच्यात घोंगडीत गुंडाळलेला मलाकी होता. दोर तुटून होडी वाहून गेली, आणि तो बेटावरच अडकून पडला होता.

“मेल्या!” नोरीन किंचाळली. “तुला पुरायच्या दिवशी मीपण बाजारात गेले असते!”

“गेली असतीस,” मलाकीचे दात वाजत होते. “आणि मला तोंड नसतं काही म्हणायला. चुकलंच माझं.”

नोरीनने त्याला दंडाला धरून घरात नेलं. उंबऱ्यावर ती वळली.

“आमचं भांडण आमच्यापाशी, पोरी. पण माणूस पाण्यावर गेला होता गं.”

फिडेल्माने माफी मागितली. नोरीनने दार लावून घेतलं.

गावाबाहेर चर्चपाशी फिडेल्माला गाडी थांबवावी लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकून ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, “सांगायला हवं होतं.”