साक्षर बाया : एक

गोदूबाई अंगणात कुळीथ पाखडत होती, तेवढ्यात वरंधवरून डोंगर चढून गौतमी आली. गौतमी बिरवाडीची शाळामास्तरीण. यंदा या गावाची जनगणना तिच्याकडं होती. मोबाइलवर नाव, वय भरून झाल्यावर तिनं विचारलं, "आजी, लिहिता-वाचता येतं?"

"येतं तर! नाते गावाला, म्हायेरी तिसरी झालेय मी."

गौतमी चमकली. "लग्न होऊन इथं कधी आलात?"

"साठ साली. पंधरा-सोळा वर्सांची व्हते."

गौतमीनं पिशवीतून एक झेरॉक्स काढली. एकसष्टच्या जनगणनेतली या गावाची ओळ होती ती. "पुरुष सत्तर, बाया एकशे बारा. बाकीचे पुरुष मुंबईला असणार. आणि साक्षर बाया, एक! ही कोण, तेच मी कधीपासून शोधतेय."

गोदूबाईनं सूप खाली ठेवलं.

तेव्हा मोजणीचे गुरुजी याच ओटीवर बसले होते. त्यांनी विचारलं तसे सासरे म्हणाले होते, "बायांना कुठलं वाचता येतंय?" आतून नव्या सुनेच्या तोंडून निघून गेलं, "मला येतं!" गुरुजींनी तिला दाराशी बोलावलं. तिनं त्यांच्या हातातला कागद घडाघडा वाचला, पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं. पण सासऱ्यांचे डोळे बघून ती आत पळाली. आठवडाभर त्यांनी अबोला धरला. गुरुजींनी काय टिपलं, ते तिला कधी कळलं नाही. सासऱ्यांपुढं कशाला टिपतील, असंच ती धरून चालली होती.

"लिवलं व्हतं गो त्यानं!" चष्मा लावून तिनं त्या आकड्यावर बोट टेकवलं. डोळे भरले होते नि तोंडभर हसू. "ही मी हाय!"

तिनं शेजारच्या आवडीला हाक मारली. बघता बघता अंगणात सात-आठ बाया जमल्या. कागद हातोहात फिरला. आपली नात पुण्याला वकिली शिकतेय, हे आवडीनं गौतमीला दोनदा सांगितलं. मग गोदूबाईकडं वळून म्हणाली, "येवढी शिकलेली व्हतीस, तर आमाला का नाय गो शिकवलंस?"

"शिकवत नव्हते? 'ग'पर्यंत आलीस नि म्हशीमागं पळालीस ती पळालीसच!"

बाया खो खो हसल्या. आवडी तिथंच फतकल मारून बसली. "मग आता सांग, 'ग'च्या पुढं काय?"