शेवंतीबाईंनी सोडलेलं मीठ

विद्याधर सरांच्या मुलुंडच्या समुपदेशन केंद्रात शिरताना माणसानं दोन गोष्टी दाराबाहेर ठेवायच्या असत, चपला आणि गोळ्या. चपलांना रॅक होतं, गोळ्यांना वेताची टोपली. "गोळ्या बाहेर, माणूस आत," असं सर हसून सांगत, आणि आलेली माणसंही मुकाट्यानं आपापल्या पुड्या टोपलीत टाकत, जाताना उचलून नेत. कुठली गोळी, कशासाठी, कधीपासून, हे विचारायचं नाही हा तिथला नियम. ते डॉक्टरांचं खातं, आपलं मनाचं. जणू मन पोटापासून वेगळं, दुसऱ्याच बिऱ्हाडात राहतं!

अनुपमा तिथली धाकटी समुपदेशिका. एम.ए. करून नुकती लागली तेव्हा तिला ती टोपली फार थोर वाटली होती. पुढे ती टोपली दिसली की ती तोंड फिरवी, पण ते नंतर.

शेवंतीबाई कांजूरमार्गहून यायच्या. नवरा धाकू गिरणी बुडाल्यावर वॉचमन झालेला, मुलगा दादू बेकार. दोन वर्षांपूर्वी बाईंची झोप उडाली, रात्रंदिवस बोलत सुटल्या, घरातली भांडी शेजारपाजारी वाटून टाकली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि बाई ताळ्यावर आल्या. केंद्रात त्या फक्त दादूची काळजी बोलायला येत.

आषाढात एका गुरुवारी त्यांनी विचारलं, "सर, झीलाक, दादूक, नोकरी लागांदे म्हणान चातुर्मासात मीठ सोडूचा म्हणतंय. सोडू काय?"

"अवश्य सोडा!" सर खुलले. "जी बाई जिभेवर ताबा मिळवते, ती मनावर मिळवते. ही संकल्पशक्ती. काय अनुपमा?"

अनुपमानं मान डोलावली. तिच्या आईनं एका चातुर्मासात वांगं सोडलं होतं, मावशीनं तूप. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

श्रावणात बाईंचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीवर वाजे. सरांनी निदान केलं, दाबलेला राग. मग त्यांनी उशी आणवली आणि सांगितलं, ही दादूची सासुरवाडी समजा, नाहीतर नवरा समजा, पण झोडपा. दादूचं लग्नच झालं नव्हतं. बाईंना उशी धड धरताही येईना. पाय लटपटत होते, जीभ जड झाली होती, सकाळपासून जुलाब चालू होते, आणि हे गृहस्थ म्हणतायत, "आणखी जोरात!" अनुपमाला अंगावर पाल पडावी तसं झालं. तरी ती गप्प बसली, कारण सर म्हणजे सर.

तिसऱ्या ठोशाला बाई सतरंजीवर भडाभडा ओकल्या.

"निघू दे," सर डोळे मिटून म्हणाले. "आतलं सगळं बाहेर निघू दे." मग वास आला तसे डोळे उघडले, आणि पहिलं वाक्य काय, तर "अगं, सतरंजी नवी आहे!"

त्या क्षणी अनुपमाला त्या माणसाची शिसारी आली. तिनं बाहेर बसलेल्या धाकूला हाक मारली, टोपलीतली पुडी उचलली आणि बाईंना रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं. वाटेत बाईंनी तिला ओळखलंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुडी बघितली, बाईंचे हात बघितले आणि धाकूला एकच विचारलं, "जेवणात मीठ कमी केलंय का?"

"कमी नाय, बंदच. चातुर्मास ना," धाकू म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी आधी सलाइन लावायला सांगितलं, रक्त तपासायला पाठवलं, मग अनुपमाकडे वळल्या. "हे लिथियम आहे, बाईंना ताळ्यावर ठेवणारं औषध. मीठ तुटलं की शरीर हे औषध धरून ठेवतं, बाहेर टाकत नाही. अंगात साठून त्याचं विष होतं. तुम्ही समुपदेशक ना? बाई कसली गोळी घेतात, एवढं तरी विचारलं होतंत?"

"आमच्याकडे विचारत नाहीत," अनुपमा म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडचं ते वाक्य तिला कुजक्या फळासारखं लागलं. गोळी लिहून देणं आपलं काम नाही, कबूल. पण तिचं नाव विचारायला, तिच्यावर काय चालतं नि काय चालत नाही ते एका फोनवर डॉक्टरांकडून समजून घ्यायला कुणी अडवलं होतं? लाज वाटण्यापलीकडची घाण वाटली तिला, सरांची आणि स्वतःच्या त्या डोलावलेल्या मानेचीही.

बाई वाचल्या. हात मात्र थरथरतच राहिले आणि बोलताना शब्द घसरायला लागले. हे कधी जाईल, जाईल की नाही, डॉक्टरीणबाई सांगू शकल्या नाहीत.

हॉस्पिटलातून सुटल्यावर त्या धाकूबरोबर केंद्रात आल्या आणि खाली मान घालून बसल्या. "हॉस्पिटलात माका मिठाचा पाणी चढयल्यानी. व्रत मोडला माझा. म्हणानच हे हात असे झाले. देव कोपलो."

सरांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला! "बघा, अपराधभाव वर आला. उत्तम. आता यावर काम करू. आठवड्यातून दोनदा या."

अनुपमाला पुढचं सगळं दिसलं. बाई आता जन्मभर देवाला भिणार, आणि हा माणूस त्या भीतीवर आपलं दुकान थाटणार.

"शेवंतीबाई, देव कोपला नाही," ती म्हणाली. "त्या गोळीवर असताना मीठ सोडायचं नसतं. सोडलं की गोळीचं विष होतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा हे आम्हाला माहीत नव्हतं."

"अनुपमा!" सर ओरडले.

शेवंतीबाईंनी मान वर केली. आधी तिच्याकडे बघितलं, मग सरांकडे. त्यांची जीभ दोनदा अडखळली, पण शब्द स्पष्ट आले.

"म्हायत नव्हता, तर होय कित्याक म्हणालात?"

सरांनी घसा खाकरला, खुर्ची पुढे ओढली आणि नेहमीचा मऊ आवाज काढला. "फार छान प्रश्न आहे. हा विचारताना तुम्हाला आत नेमकं काय वाटतंय—"

"सर, तोंड बंद ठेवा," अनुपमा म्हणाली. "बाई आपल्याला विचारतायत."