पिक्चर कसा वाटला?

आमच्या घराण्यातला पहिला पिक्चर मी काढणार, हे पेठ वडगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्नांचं शूटिंग करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पाठवणीला नवरी रडते तेव्हा कॅमेरा कुठं धरायचा, हे मला विचारावं. अंजनाला मी लग्न ठरतानाच सांगितलं होतं की तू शूटिंगवाल्याची नाही, डायरेक्टरची बायको होणार. आणि दोन हजार दोन साली पिक्चर काढला कुणी? अनेकांतनं! माझ्या धाकट्या चुलत भावानं. खताचं दुकान चालवणाऱ्या माणसानं!

तोही काऊबॉयचा. नाव 'रक्ताळ माळ'. जत्रेतल्या टोप्या, वरातीचं घोडं, टिकल्यांची पिस्तुलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती कापाकापी. आमचं जैनाचं घर. त्याची आई, आमची आक्का, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाही, आणि या दिवट्यानं पडद्यावर अख्खं गाव उभं चिरलं. मी म्हटलं, बरं झालं. आता लोक याची अशी लाज काढतील की पुन्हा कॅमेऱ्याचं नाव घेणार नाही. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

पहिला खेळ कोल्हापुरात एका मंगल कार्यालयात ठेवला होता. तोही दुपारचा, कारण आमच्या पाहुण्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. आदल्या दिवशी अनेकांत माझ्याकडं आला.

"दादा, लोकं भाईर येतील तवा तू दारात कॅमेरा घिऊन हुबा ऱ्हा. पिक्चर कसा वाटला, एवढंच इचार. तुझ्यासारखं माणसाला बोलतं कराय दुसऱ्या कुणाला जमतंय?"

म्हणजे याच्या पिक्चरला मी दरवान! अंगाचा तिळपापड झाला. पण मग डोक्यात आलं, मतं मी घेणार म्हणजे कुणाची घ्यायची हेही मीच ठरवणार. लगेच हो म्हणालो.

पिक्चर मी दाराशी उभं राहूनच बघितला. रक्त म्हणून त्यानं काकवीत कुंकू कालवलं होतं. गुऱ्हाळाच्या मुलखातल्या माणसाला दुसरं काय सुचणार! गोड रक्ताला मुंग्या लागल्या. दुसरा कुणी असता तर अंग झटकून उठला असता, पण मुडदे सगळे आमचेच भाऊबंद. मुंगी चिरडायची कशी? त्यामुळं छातीत गोळ्या खाऊन पडलेला डाकू ओठांचा चंबू करून मुंग्यांना हळूच फुंकर घालत होता. अख्खा हॉल हसून लोळला. मला इतका आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

खेळ सुटला. खूश दिसणाऱ्यांना मी वाटेला लावलं आणि कपाळावर आठ्या असलेले तेवढे निवडून धरले.

"पावणं, पिक्चर कसा वाटला?"

"पिक्चर हाय व्हय ह्यो?" गारगोटीचा जोतीराम उखडला. "गोळी घालतोय ह्याला आणि पडतोय पल्याडचा!"

"आनि काय वाईट वाटलं?" मी तेल ओतलं.

"घोड्याचं बघा की! गोळी सुटल्यावर घोडं पळाय पायजे का न्हाय? ते नाचाय लागलं! वरातीचं घोडं ते, त्याला वाटलं नवरदेव आला."

कबनूरच्या बाळाबाई पदर सावरत म्हणाल्या, "एवढी माणसं मारली, पर एकाच्या बी घरात रडाय कोन न्हाय? आमच्या गल्लीत बोकड कापलं तरी चार जन हळहळत्यात."

हे मात्र मला लागलं. रडणारी बाई कशी दाखवायची हे मला विचारलं असतं तर! पण विचारतोय कोण?

"आनि त्यो मुडदा," मागून धोंडीराम ओरडला, "असा दयाळू मुडदा उभ्या जन्मात बघितला न्हाय!"

शेवटी अंजना बाहेर आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. राहवेना म्हणून तिलाही विचारलं.

"लई दिसांनी एवढी हसले बघा," ती म्हणाली. "कसा का असंना, भावजींनी काढला तरी. न्हायतर तुमी..."

तिनं जीभ चावली. 'तुमी'च्या पुढं काय होतं ते मला कळलं. मी कॅमेरा बंद केला.

घरी बसून ती कॅसेट कापली. चांगला शब्द एक ठेवला नाही. जोतीरामाच्या आठ्यांवर बाळाबाईंचा सुस्कारा, त्यावर धोंडीरामाची आरोळी, असं एकाला एक जोडत गेलो. लग्नाच्या कॅसेटवर मी एवढी मेहनत कधी घेतली नव्हती. मग ती अनेकांतच्या हातात दिली. म्हटलं, बघ, लोक काय म्हणतात ते.

त्याचं तोंड पडेल म्हणून मी समोरच बसलो होतो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तो पोट धरधरून हसला. पार ठसका लागेपर्यंत.

पुढच्या रविवारी परत खेळ होता. त्यानं आग्रह करून मला आणि अंजनाला पहिल्या रांगेत बसवलं. पिक्चर संपला, लोक उठायला लागले, तेवढ्यात पडद्यावर माझी कॅसेट सुरू झाली. उठलेली माणसं परत बसली. जोतीरामाला शिट्ट्या पडल्या, बाळाबाईंना टाळ्या.

"पिक्चरपरास ह्येच भारी हाय की!" मागं कुणीतरी ओरडलं. "नाद खुळा!"

माझी मान आपोआप ताठ झाली. हे तरी माझं होतं, याच्यात अनेकांतचा काही वाटा नव्हता.

पडदा काळा झाला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'प्रेक्षकांची मतं: गोमटेश पाटील'. अंजनानं माझा दंड घट्ट धरला.

"अहो, तुमचं नाव!"

तिनं पडद्याकडं बोट केलं. एवढं बघायलाच तर मी इतकी वर्षं कॅमेरा खांद्यावर वागवत होतो. मी तिच्याकडं वळलो, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. ती उठून मागं वळली, तिनं दाराशी उभ्या असलेल्या अनेकांतला शोधलं आणि दोन्ही हात जोडले.

"भावजी, तुमच्यामुळं झालं बघा," ती भरल्या आवाजात म्हणाली.

अनेकांत लाजून हसला. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता, म्हणून मलाही हसावं लागलं.