बाजूचं फोल्डर

रोज उठल्यापासून सकाळी दहापर्यंत मी मौन पाळते. त्यात खुणा नाहीत, चिठ्ठ्याही नाहीत. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आमच्या धाकट्या भाऊजींना तर जरा जास्तच. त्यांना इथे नोकरीला लावलं मीच.

हॉस्पिटलच्या लॅबचे रिपोर्ट ज्या प्रोग्रॅममधून निघतात, तो आम्ही मूळ सोर्स कोडपासून स्वतः तयार करतो. माझा शिरस्ता असा, की तो थेट चालत्या सर्व्हरवर चढवायचा नाही. आधी बाजूच्या रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करायचा, कोणती फाइल कुठे जाऊन बसते ते बघायचं, मग पुढे. भाऊजी हसायचे. "वहिनी, तुम्ही सॉफ्टवेअरलाही पाय धुऊन घरात घेता!"

काल संध्याकाळी त्यांनी नव्या आवृत्तीच्या त्या फोल्डरमधल्या फाइलींची यादी माझ्यापुढे ठेवली. चोख होती. मी होकार दिला.

आज सकाळी प्रोग्रॅम नव्यानं सुरू झाला, आणि रिपोर्टांवर आकड्यांच्या जागी नुसते चौकोन. फॉन्टच्या जुन्या फाइलवर नवी येऊन बसली होती. यादीत ती नव्हतीच. मी दोन्हीकडच्या फाइलींच्या वेळा पाहिल्या. सर्व्हरवर काल दुपारचे चार दहा, बाजूच्या फोल्डरात चार पंचवीस. भाऊजी थेट चढवून मोकळे झाले होते, आणि मग माझ्यासाठी फोल्डर सजवलं होतं, मला खटकू नये म्हणून नेमकी ती एक फाइल काढून.

नऊ वाजता मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं.

"वहिनींनी यादी पाहून हो म्हटलं, तेव्हाच मी चढवलं," भाऊजी म्हणाले. माझ्याकडे बघून, अगदी मायेनं. "आत्ता त्या बोलायच्या नाहीत, साहेब. पण चुकतं माणूस. सांभाळून घ्या."

साहेबांनी कपाळ चोळलं. "बाई, साडेनऊला मला वर उत्तर द्यायचंय. सर्व्हर तुमच्याकडून काढून यांच्याकडे देतोय. काही म्हणणं आहे?"

भाऊजी निवांत बसले होते. सहा वर्षांत माझा नेम चुकला नाही, हे त्यांनी पक्कं धरलं होतं.

"आहे," मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "फाइलींच्या वेळा बघा, साहेब. आधी सर्व्हरवर, मग फोल्डरात."

साहेब स्क्रीनकडे वळले.

"अहो वहिनी, मौन मोडलंत?" भाऊजी कळवळून म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.