समोरची इमारत सरळ करताना

चष्मेवाल्याला पन्नाशी उलटल्यावर कॅमेऱ्याचं वेड लागलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा हा माणूस, पण घरच्यांचे फोटो काढायचा ते असे, की कुणाचं डोकं छाटलेलं, कुणाचे डोळे मिटलेले. "अहो, तुमच्या फोटोत आपण सगळे झोपेतच असतो," बायको म्हणायची. शेवटी त्याने फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं.

मास्तरांनी गृहपाठ दिला. एकच जागा, एकच वेळ, एकच फ्रेम, चाळीस दिवस. चष्मेवाल्याने फार लांब शोधलं नाही. दुकानाच्या माळ्यावरच्या खिडकीतून समोरची चार मजली इमारत अख्खी दिसायची. तळाला लाँड्री आणि मालकाचं ऑफिस, वर भाडेकरू. तिसऱ्या मजल्यावर त्याची थोरली बहीण एकटी राहायची. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो ट्रायपॉड लावून एक फोटो काढायचा. ताई गॅलरीतून ओरडायची, "अरे, मला जरा बारीक कर त्यात!"

चौथ्या दिवशी ऊन असं तिरकं पडलं की ती मळकी इमारतही सोन्याची वाटली. त्याने फोटो संगणकावर घेतला, सावल्या उजळल्या, वायरी काढल्या. लाँड्रीच्या शटरपासून पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत एक बारीक काळी रेघ गेली होती, तीही डाग पुसायच्या टूलने पुसून टाकली. मास्तरांनी वर्गात वाहवा केली. इमारतीच्या मालकाने तर फोटो मोठा करून मागितला आणि फ्रेम करून ऑफिसात टांगला.

मग फोटो वाकडे यायला लागले. आधी अगदी किंचित. इमारतीची कड सरळ करायला फोटो अर्ध्या अंशाच्याही आत फिरवावा लागे. पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त, मग आणखी. बायको म्हणाली, "हात थरथरायला लागले तुमचे. साखर तपासून घ्या." त्याने साखर तपासली. ट्रायपॉडच्या पायांभोवती फरशीवर खडूने गोल काढले. तरी वाकडंच.

चौतिसाव्या दिवशी त्याने इमारत सरळ केली आणि तिच्या शेजारचा दिव्याचा खांब कलला. खांब सरळ केला तर इमारत कलली. त्याने पहिल्या दिवसाचा फोटो उघडून त्यावर आजचा ठेवला, आणि वरचा थर अर्धा पारदर्शक केला. खांब खांबावर बसला, फुटपाथ फुटपाथवर बसला. इमारतीच्या गच्चीला मात्र दोन कडा दिसत होत्या. त्याने दोन्ही फोटो मोबाइलवर घेतले.

दुकान तसंच टाकून तो रस्ता ओलांडून लाँड्रीत गेला. कपड्यांच्या घड्या घालणारी बाई एकटीच होती. यंत्रांच्या धडधडीने टेबलावरची बटणं नाचत होती.

"ही मोठी यंत्रं कधी आली?"

"झाले की दोन महिने. मधली भिंत काढली त्यांच्यासाठी." तिने आवाज खाली आणला. "तुम्हाला एक दाखवते, पण माझं नाव सांगू नका." तिने भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला केलं. मागे भेग होती. तिने तीत बोट घातलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

चष्मेवाला तडक मालकाकडे गेला. मालकाने मोबाइलवरचे दोन्ही फोटो पाहिले आणि हसला. "अहो, तुम्ही लोक फोटोत काळ्याला गोरं करता. इमारत वाकडी करायला किती वेळ लागतो?"

"लाँड्रीपासून वर भेग गेली आहे."

"कुठे?" मालकाने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. "तुमच्याच हातचा फोटो. दाखवा भेग."

चष्मेवाल्याने फ्रेममधल्या शटरच्या वर बोट ठेवलं. "ती मी पुसली," तो म्हणाला.

"मग आता काढली असेल!" मालक म्हणाला आणि त्याने फोन कानाला लावला.

चष्मेवाल्याने बाहेर येऊन अग्निशमन दलाला फोन केला आणि जिना चढायला लागला. प्रत्येक मजल्यावर बेल दाबत गेला. कुणी शिव्या घातल्या, कुणी पोरं काखेत मारून खाली धावलं. तिसऱ्या मजल्यावर ताईचं दार उघडेना.

"अरे, महिनाभर अडतंय ते. सुताराला सांगितलंय," ती आतून म्हणाली.

"ताई, बाजूला हो."

त्याने खांदा मारला. तिसऱ्या धडकेला दार उघडलं. ताईच्या हातात लाटणं होतं, आणि ते हातात घेऊनच ती त्याच्यामागे जिना उतरली. खाली रस्त्यावर पंचवीसेक माणसं वर बघत उभी होती. दुपारचे अडीच वाजले होते. इमारत शांत होती, आणि लोक आता त्याच्याकडे बघायला लागले होते. मालकही बाहेर आला होता. "झालं समाधान?" त्याने विचारलं.

तेवढ्यात गर्दीतली लाँड्रीची घडीवाली बाई म्हणाली, "गिऱ्हाइकांचे कपडे राहिले आत. उद्या तोंड काय दाखवू?" आणि ती शटरखालून वाकून आत गेली. ती चष्मेवाल्यापासून हातभर अंतरावरून गेली होती. तो मालकाला उत्तर शोधत होता.

आधी काचा फुटल्या, एकामागून एक, खालून वर. मग मागची अर्धी बाजू खाली बसली, जसा थकलेला माणूस मटकन बसतो. धुळीत रस्ता दिसेनासा झाला. कोण कुणाला हाका मारतंय, कळेना.

अग्निशमन दलाच्या जवानांना बाईला बाहेर काढायला दीड तास लागला. ती जिवंत होती. "कपडे," एवढंच म्हणाली. तिच्याबरोबर जायला कुणी नव्हतं. ताई लाटणं भावाच्या हातात देऊन रुग्णवाहिकेत चढली.

बाई वाचली, पण तिचा उजवा हात पुन्हा घडी घालण्याजोगा झाला नाही. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने फोटो मागितले. "तो चौथा देऊ नका," बायकोने त्याला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. "उगाच तुमच्यावर येईल." चष्मेवाल्याने सगळे चौतीस दिले, आणि चौथ्यात आपण काय केलं तेही लिहून दिलं. अधिकाऱ्याने तो कागद वाचला, त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि सही कुठे करायची ते दाखवलं.