बोर्डावर कुणाचा नंबर

भुवनेश्वरी धाराशिवात घरी बसून बोर्ड, पत्रिका, पिशव्यांवरची चित्रं अशी डिझाइनची कामं करायची. तेरच्या गोरोबांनी आपल्या शेळीपालनाच्या बोर्डाचं काम दिलं, तेव्हा फोनवर एवढंच सांगितलं, की बोर्ड झकास पाहिजे. तिनंही जास्त खोदून विचारलं नाही. हिरवं कुरण, मागं डोंगर आणि पुढं पांढरीशुभ्र शेळी, असं चित्र करून पाठवून दिलं. जमलं न्हाय, असा निरोप आला. तिनं रंग बदलले, तरी तोच निरोप. तिसऱ्यांदा अक्षरं बदलली, तर उत्तरच आलं नाही.

मग ती वही घेऊन तेरच्या एसटीत बसली.

गोठ्यातल्या शेळ्या सगळ्या काळ्याभोर. एखाददुसरीच्या कानावर पांढरे ठिपके, तेवढंच. भुवनेश्वरी मनातून ओशाळली. गिऱ्हाईक कुठून येतं, असं तिनं विचारलं, तर गोरोबांनी बायकोकडं पाहिलं. हरणाबाई एका शेळीचे खूर कापत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं, की निम्मे लोक कर्नाटकातून येतात, त्यांना मराठी वाचता येत नाही आणि रस्त्याचं वळण चुकून ते पुढं निघून जातात. शेळी किती करडं देते, बोकड कितव्या महिन्यात विकायचा, सगळे प्रश्न गोरोबांना होते आणि उत्तरं हरणाबाईंची.

"मामा, गिऱ्हाइकाचा फोन आला की बोलतं कोण?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"फोन मला येतो. म्या हिला देतो."

"मग बोर्डावर नंबर कुणाचा टाकू?"

हरणाबाईंचा हात थांबला. गोरोबांनी गव्हाणीतला पाला सारखा केला.

"नाव माझंच राहू द्या म्याडम," ते म्हणाले. "नंबर हिचा टाका."

हरणाबाईंनी नंबर सावकाश सांगितला, आणि भुवनेश्वरीनं लिहिलेला तिच्याकडून परत वाचून घेतला.

घरी येऊन भुवनेश्वरीनं कुरण आणि डोंगर काढून टाकले. गोरोबांचं नाव, काळी शेळी, मोठा बाण आणि लांबून दिसेल असा नंबर, एवढंच ठेवलं. या वेळी गोरोबांनी लगेच होकार कळवला.

पुढच्या महिन्यात अणदूरचा एक मसालेवाला फोनवर म्हणाला, लेबल भारी पाहिजे. तिनं कॉम्प्युटर सुरू केला नाही. दुकान किती वाजता उघडतं, ते आधी विचारलं.